डाव्या बाहीचं सूत

झुल्माच्या दुकानात जानेवारीत कुणी फिरकत नाही.
पंख्याखाली लोकरीचे गुंडे
मेंढरांसारखे अंगाला अंग लावून बसलेले,
गल्ल्यावर झुल्मा पेंगते.
"डेल्मिरा, एकोणचाळीस अंश आहे बाहेर,
विणायचंय की शिजायचंय?"

सूत दाखव, म्हटलं.
तशी ती ताठ झाली.
अख्ख्या पायसांदूला ठाऊक आहे,
चाळीस वर्षं मी लोकरीशिवाय काही नेलेलं नाही.

आमच्या घरी सुताला मान नव्हता.
बाबा मेंढ्या कातरत हिंडायचे,
त्यांच्या तळव्यांचा चरबट वास साबणालाही दाद देत नसे.
म्हणायचे, लोकर ताणा, सोडा, ती घरी परतते.
सूत एकदा सैलावलं की सैलावलं.
माणसांचंही ते असंच वर्गीकरण करत
आणि आन्सेल्मो सतराव्या वर्षी नदीपल्याड गेला
तेव्हा त्याची रवानगी सुतात झाली.

तो परवाच्या मार्चमध्ये आला. एकोणसाठ वर्षांचा,
एक बॅग, दोन निकामी मूत्रपिंडं.
बाबा नव्हते, नाहीतर वर्गवारी बदलावी लागली असती.

सोमवार, बुधवार, शुक्रवार
वितळत्या डांबरावरून मी त्याला दवाखान्यात नेते
आणि आत कडाक्याचा एसी.
रक्त नळीतून यंत्रात जातं, फिरतं,
किंचित गार होऊन परत येतं.
चार तास तो कुडकुडतो
आणि नर्स पांघरूण घेऊ देत नाही डाव्या हातावर:
सुई दिसली पाहिजे.
बाहेर पडलो की पुन्हा भट्टी.
आता सांग झुल्मा, याला काय विणू?

तिने खण उपसले.
आधी निघालं चकचकीत सूत, केकच्या खोक्यावरच्या रिबिनीसारखं.
तो घालणार नाही, मी म्हटलं, तो रंगारी होता, नट नव्हता.
मग बांबूचं. थंडगार, गुळगुळीत,
दोन टाक्यांत त्याचे चार पदर सुटून
सुईला तोंड वेंगाडू लागले.
मग लिनन. करकरीत, बोटाला चावरं.
"धुशील तसतसं मऊ होतं बघ."
किती धुण्यांनी?
"पंचवीस, तीस."
मी मनात आठवडे मोजले
आणि लड खाली ठेवली.
झुल्माने काही विचारलं नाही. पंख्याची कळ एक घर पुढे सरकवली.

शेवटी खालच्या खणातून
साधं सूत, बिनचकाकीचं, सैल पिळाचं,
पावसाआधीच्या नदीचा रंग.
गालाला लावून पाहिलं, मानेला लावलं,
तिथेच टाके घातले, वीतभर तुकडा विणला,
घरी नेऊन भिजवला, पिळला,
दोरीवर चिमट्यांनी टांगला
आणि खालच्या कडेला किल्ल्यांचा जुडगा अडकवला.
सकाळी तो दोन बोटं लांबला होता.
बरोबर होतं बाबांचं. नेमकं दोन बोटं.
मग दोन बोटं आखूड धरून विणायला बसले.

घामाने लाकडी सुया अडतात, म्हणून पोलादी घेतल्या.
डावी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उघडी,
बटणं सात. झुल्माकडे सारखी सहाच निघाली,
सातवं लाल आहे.

आन्सेल्मो खिडकीशी बसून बघतो.
मातेचा भोपळा त्याने माझ्या हवाली केलाय,
दिवसाचं पाणी मोजून मिळतं त्याला,
तरी नळी ओठात धरून
एकच घोट घेतो, डोळे मिटून,
आणि परत देतो.
"एवढी बटणं?"
लावून बघ, मी म्हणते.
एकट्या उजव्या हाताने, जीभ दाताखाली धरून
तो वरून सुरुवात करतो.
लाल बटणापाशी अडतो, हसतो,
सगळी सोडतो,
पुन्हा वरून.