पायपाला घोंगडं

बेकिनकेऱ्यात रात्री दोनला थ्री फेज येते,
भरमूला लडाखात बसून ठाऊक.
मोटारखोलीची कडी काढतोय तोवर फोन:
"तात्या, पायपाला काय गुंडाळलाय काय?
हितं नळातलं पाणी दगड होतंय,
खाली स्टोव्ह धरतोय आम्ही."

पाणी दगड होतंय.
मी बर्फ बघितलाय तो मासेवालीच्या पेटीत.

आमची थंडी ती केवढी?
दहिवरानं पत्रा टिपटिपतोय,
स्टार्टरचं बटण ओलं,
फुटव्हॉल्व गळका, मोटारीला पाणी पाजताना
वाटलं बोटं गेली.
विहीर मात्र वाफाळतेय
म्हशीच्या नाकपुडीगत.

तरी गुंडाळलं.
खुंटीवरचं त्याचंच घोंगडं,
राखणीला यायचा तेव्हाचं,
पायपाच्या वाकणावर, सुतळीचे तीन आढे.

बांधावरनं बसाप्पानं बॅटरी मारली:
"येन री तात्या, पायपाला चळी आली?"
"हौदु," म्हटलं.

बटण दाबलं. पायप खाकरला,
घोंगडं थरथरलं,
पाणी कोबीच्या सरीत शिरलं.

फोन खिशात चालूच राहिलेला.
कानाला लावला तर पलीकडं
नुसता वारा,
आणि मग भरमू:
"बोलू नको जरा. ऐकू दे."