करंगळी

रेशन दुकानात रेंज नाही.
म्हणून दर महिन्याच्या सात तारखेला
मी मशीन पिशवीत घालून सड्यावर चढते.
माझ्यामागून ओळ चढते.

ओळीत माणसं कमी, पिशव्या जास्त.
एकेका पिशवीवर एकेक जांभा दगड,
वाऱ्याने नंबर उडून जाऊ नये म्हणून.
माणसं टाकीच्या आडोशाला विडी ओढत,
तेरड्यात पाय सोडून बसलेली.
पिशवीची पाळी आली की मी हाक मारते.

निळी पिशवी इनास फर्नांडिसची.
सिमेंटच्या गोणीची, दोन बंदांची,
ती सत्यवती गिरपची.

तिचं कार्ड पिवळं.
पस्तीस किलो धान्य, आणि चवथ जवळ आली म्हणून
वरचा शिधा: रवा, चणाडाळ,
एक किलो साखर, तेलाची एक पिशवी.
तेवढ्यासाठी कारखान्यातला अर्धा दिवस पाडून आलीय.
मुकादमाने तो वहीत मांडलाय.

अंगठा.
मशीन म्हणतं, जुळत नाही.
पदराला पुसून, पुन्हा.
जुळत नाही.
खोबरेल चोळून. चिंचेच्या पाण्याने धुऊन.
मशीनच्या काचेवर मीच फुंकर घातली.
नाही.

बावीस वर्षं काजू फोडते ती.
राख फासा, एरंडेल लावा,
टरफलातलं तेल कातडीत उतरतंच.
तिची बोटं मी हातात घेऊन पाहिली.
ओहोटीनंतरची पुळण असते ना,
तशी. कुणीच चाललेलं नाही.

"आमच्या आयेचो अंगठो सगळीकडे चललो," ती म्हणाली,
"तिका सही येय नाय म्हणान लोक हसले.
माका सही येता,
तर आता अंगठो होयो."

मग ओटीपी.
नंबर रूपेशच्या मोबाइलशी जोडलेला,
आणि रूपेश बोटीवर,
बंदी उठली त्याच दिवशी गेलेला.
मी बटण दाबलं.
दहा मिनिटं, मशीनने सांगितलं.

सड्यावरून समुद्र सगळाच दिसतो.
कुणी काही बोललं नाही,
पण अख्खी ओळ उठून तिकडे तोंड करून उभी राहिली,
सहा आकडे पाण्यावरून चालत येतील
आणि कुणाला तरी आधी दिसतील, अशी.
दोन होड्या दिसल्या. दोन्ही दुसऱ्याच कुणाच्या.
माझ्या हातातलं मशीन
मिनिटं खात होतं.

इनासबाय मागून म्हणाली,
"गो, करांगळी लावन बघ."

करंगळी!
बी अंगठ्यात नि दोन बोटांत धरायची,
हातोडी दुसऱ्या हातात,
आणि करंगळी आपली लांब, उगाच,
मोठ्या घरच्या बाईसारखी
कपाला न लागता चहा पिणारी.
बावीस वर्षं तिने काही केलं नव्हतं.

लावली.
टिंग.

पावती सळसळत बाहेर आली.
गिरपचं गिराप झालेलं, पण धान्य पस्तीस.
तेल नाही. तेल पुढच्या गाडीला,
हे मला सांगावं लागलं,
आणि सांगताना मी मशीनकडे पाहिलं, तिच्याकडे नाही.

तिने माझ्या कानामागचं पेन काढलं,
मांडीवर पावती ठेवून सही केली.
सही कुठे मागितलीच नव्हती.
पूर्ण नाव, गिरप नीट,
खाली रेघ.

पुढच्या सातला पुन्हा आली.
करंगळी आधीच धुऊन, पदरात गुंडाळून.
तेल आलं नव्हतं.
कार्डाच्या प्लास्टिकमधून एक चिठ्ठी काढून तिने पुढे केली,
पेन्सिलीने लिहिलेले सहा आकडे.
त्या रात्री रूपेशला किनाऱ्याजवळ रेंज मिळाली होती,
त्याने फोन करून एकेक आकडा सांगितला होता,
दोनदा, समुद्राच्या आवाजात.

"ह्यो नंबर आता चलाचो नाय मा गो?"

नाही म्हटलं.

तिने चिठ्ठीची घडी घातली
आणि कार्डात परत ठेवली.