साडेतीन आटे

एकतीस वर्षं मी महापालिकेत चावीवाला होतो.
खांद्याएवढी लोखंडी चावी, रस्त्यातलं झाकण,
खाली चिखलात बसलेला वॉल्व्ह.
दत्तवाडीच्या लाइनला साडेतीन आटे.
जास्त दिलेत तर नदीकडच्या घरांत जुने नळ उडतात,
कमी दिलेत तर तिसऱ्या मजल्यावरच्या बाई
रिकामी बादली घेऊन खाली येतात
आणि रिकाम्या बादलीपेक्षा जास्त वाजतात.

म्हणून आगटे डॉक्टर म्हणाल्या, डोळ्यात प्रेशर आहे,
पाणी बनतंय, निचरा होत नाही,
तेव्हा मला ते लगेच कळलं.
चौतीस, म्हणाल्या. हवं पंधराच्या आत.
लाइन चोक आहे का, मी विचारलं.
त्या हसल्या नाहीत. हो, तसंच, म्हणाल्या.

काचबिंदू दुखत नाही.
गळती असती तर रस्ता तरी ओला दिसला असता.
लक्ष्मी रोडवर स्कूटरी एकाएकी कडेतून उगवायच्या,
ताटाबाहेरची वाटी कोपराने सांडायची,
मी वयाला शिव्या द्यायचो.
यंत्रात हनुवटी टेकवून ठिपका दिसला की बटण दाबायचं,
तर मी न दिसताही दाबलं पाच-सहा वेळा.
यंत्राने तेही लिहून ठेवलं.

डावा आधी केला.
वरच्या पापणीआड पाण्याला नवी वाट काढली,
प्रेशर खाली आलं, मी खूश.
मग भोरला पुतण्याचं लग्न, मागाहून जागरण-गोंधळ,
दोन तपासण्या राहिल्या.
मांडवात सगळे म्हणाले, लाली गेली की!
जखम काय छान भरली!

भरली. तेच झालं.
"पासलकर, बाकीच्या ऑपरेशनात जखम भरली की जिंकलो.
इथे भरली की वाट बुजली."
शरीराला हे कोण सांगणार?
त्याला भोक दिसलं की ते गवंडी पाठवतं.
इमानी बिचारं, रात्रंदिवस लिंपत बसतं.
डाव्या डोळ्याने आता मला
खिडकी कुठे आहे एवढं कळतं.
त्यातली कुंडी नाही.

उजव्याला डॉक्टरांनी तीन मिनिटं
औषधात भिजवलेला बोळा ठेवला, गवंड्याचे हात जड व्हावेत म्हणून.
टाके घट्ट घातले, मुद्दाम. पुढे गरजेप्रमाणे सोडू.
"अर्धं ऑपरेशन मी केलं. उरलेलं तुमचं.
लग्न असो, मयत असो, तारखेला यायचं."

वॉल्व्हच्या नोंदींची एक वही कोरी उरली होती.
तिच्यात वृषालीने रकाने पाडले:
दर दोन तासांचे थेंब, पुढे माझी बरोबरची खूण.
पहिला दिवस सात. चौथा नऊ.
अकराव्याला एकोणीस.
आकडा सांगण्याआधी डॉक्टर क्षणभर गप्प राहिल्या,
आणि माझ्या पोटात दत्तवाडीची लाइन बंद झाली.

मग भिंग टेकवलं, हिरवा उजेड, टक्.
एक टाका तुटला.
परत मोजलं, बारा.
किती आटे दिलेत, मी विचारलं.
त्यांनी खरंच विचार केला.
"अर्धा," म्हणाल्या.

गेलं ते परत येणार नाही, असं त्यांनी दोनदा बजावलंय.
जे आहे ते राखायचं. तेही कायमचं नाही, दर वेळी मोजून.
जन्मभर शहराला पाणी सोडलं
आणि आता महिनाभर मला डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही.
वृषाली ओला पंचा फिरवते, मी शाळकरी पोरासारखा मान वर करतो.

काल गुरुवार, पाणी बंद.
आज शुक्रवार, म्हणजे उशिरा आणि कमी दाबाने.
सकाळी दारात बसलोय. डावीकडे झाकण सरकल्याचा आवाज आला,
नवा पोरगा असणार, मला दिसत नाही.
चावी कुरकुरते. मी मोजतो.
एक. दोन. अडीच. तीन.
थांबला.
अरे, अजून अर्धा, मी ओरडणार होतो,
तेवढ्यात आतून वृषाली बाटली हलवत आली.
आठ वाजले, बाबा. वर बघा.