खाल्ल्या मिठाला

लोरेन पेट्राकिस गाडीखाली आहे.
बाहेर फक्त तिचे बूट, आणि मधूनच
एक उघडा पंजा. त्यात मी पाना ठेवायचा.
"तेराचा नको, अर्ध्या इंचाचा.
हिला मिलिमीटर समजत नाहीत."

ॲशटब्यूला, ओहायो. नोव्हेंबरचा तिसरा शनिवार.
सरोवरावरचा वारा बाहीतून आत शिरतो.
रात्री मिठाचे ट्रक फिरून गेलेत;
रस्ता सकाळी वाळत घातलेल्या
ताकातल्या मिरचीसारखा, पांढरट.

एकोणनव्वदची पिकअप.
चौतीस हिवाळे या रस्त्यांचं मीठ खाल्लेली.
आमच्यात म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं.
मी शब्दाला शब्द लावून सांगितलं.
तिच्यापर्यंत जागणं पोचलं, ते झोप न येण्याचं.
"बरोबर आहे," गाडीखालून आवाज आला,
"मीठच जागं असतं. रात्रभर कुरतडतं मेलं."

टाकी धरून ठेवणाऱ्या दोन पट्ट्या.
एक केव्हाच गेली. तिच्या जागी
सामान आवळायचा पिवळा पट्टा,
तात्पुरता, दोन वर्षं.
दुसरीचा बोल्ट कालपासून तेलात,
मटकी भिजत घालावी तसा.
तो सुटला नाही. तुटला.
लोरेन बरं म्हणाली नाही, वाईटही म्हणाली नाही.
फक्त पंजा पुन्हा बाहेर आला: जॅक.

उरलंसुरलं पेट्रोल पंपाने आधीच उपसलेलं,
दोन डबे, कोऱ्या चहाच्या रंगाचं,
वास शिळ्या वार्निशचा.
सिगरेट तिने रस्त्यापलीकडे जाऊन विझवली होती,
दोनदा बूट फिरवून.

फळीवर टेकून टाकी खाली आली, इंच इंच,
आणि मग एकदम.
खालून जवळजवळ धड.
वर, जिथे कुणाची नजर पोचत नाही,
तिथे चिखल बसलेला, चिखलात मीठ, मिठाला ओल.
बोट लावलं तर आत गेलं.

मी हॉस्पिटलात रक्त तपासते.
लोह कमी, असं रोज कुणाच्या तरी नावापुढे लिहिते.
इथे लोह माझ्या मुठीत चुरत होतं,
तपकिरी, हलकं,
आणि धुतलं तरी रेषांतून जाईना.

आत पितळेचा तरंगा, भोक पडून बुडालेला.
म्हणून काटा नऊ वर्षं रिकामं रिकामं म्हणत राहिला,
टाकी गच्च भरलेली असतानाही.

नवी टाकी प्लॅस्टिकची, काळी.
एका हाताने उचलली तेव्हा
मला उगीचच फसवल्यासारखं वाटलं.
हिला मीठ बाधणार नाही. हिला चवच नाही.
नळी तिसऱ्या खेपेला बसली,
लोरेनच्या दोन बोटांची सालं घेऊन.

पाचव्यांदा किल्ली फिरवल्यावर गाडी खोकली, धरली.
काटा थरथरला, उठला,
पावाच्या जरा वर जाऊन थांबला.
मी टाळी वाजवली. एकटीनेच.

तिने काट्याकडे पाहिलं,
दाराच्या खणात पेन्सिल चाचपली,
आणि डॅशबोर्डवरच्या कागदी पट्टीवर,
आधीच्या खोडलेल्या आकड्यांखाली,
आजचे मैल लिहिले.

"आता काटा आहे की," मी म्हणाले.

"आहे," ती म्हणाली. "आजच आलाय."