बहेला रंगीत तालीम

लेकीनं पर्थहून तीन बेटं पाठवलीत,
मोबाईलवर, एकाखाली एक.
"डिसेंबरात याल तेव्हा एक दिवस काढलाय.
एकच बेट होईल. तुम्ही दोघं ठरवा."

तेहेतीस वर्षं मी इस्लामपूर डेपोत गाड्या सोडल्या.
फलाट तीन, शिराळा, साडेनऊ.
माझी स्वतःची गाडी मात्र
कोल्हापूरच्या पुढं फारशी गेली नाही.
तर जुन्या वेळापत्रकाच्या पाठीवर रकाने आखले:
बेट. सुटणार. पोचणार. परत.

पहिलं रॉटनेस्ट. बोटीनं अर्धा तास.
तिथं मोटारी नाहीत, सायकल घ्यायची,
आणि क्वोका नावाचा एक जीव, मांजराएवढा,
कांगारूच्या भावकीतला, फोटोत हसतो.
हौसा चष्मा कपाळावर चढवून बघत राहिली.
"हसतोय कशापायी? ह्याचं काय जातंय?"
मग गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाली,
"सायकल तुम्ही मारा. मी ह्याच्यापाशी बसते."

दुसऱ्यावर साप. विषारी, मुबलक.
जावयानं गंमत म्हणून टाकलेलं.
"साप बघायला बत्तीस शिराळा ओलांडून
समुद्रापार जायचं व्हय?"
खोडलं.

तिसरं पेंग्विनचं.
काठावरून दिसतं, बोटीला पाच-दहा मिनिटं.
पाणी ओसरलं की मधली वाळू वर येते
आणि माणसं चालत निघतात, पाटी असूनही.
चालू नका, लाट ओढून नेते, असं पाटीवर आहे.
लेकीनं हे सहज सांगितलं.
इकडं आम्ही दोघं गप्प.
कुकरची एक शिट्टी झाली. दुसरी झाली.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बहेच्या बेटावर
आम्ही दगडांवर पाय टाकत गेलो होतो,
चपला हातात घेऊन.
रामाच्या पूजेत पाणी शिरू नये म्हणून
मारुतीनं बाहू पसरले, कृष्णा दुभंगली,
पुजारी सांगत होता, तेवढ्यात
वरून सोडलेलं पाणी आलं.
दगड एकेक करून बुडाले.
मी घड्याळाकडं बघत राहिलो:
पाच वीसची गाडी मीच लावून आलो होतो,
आणि ती वेळेवर गेली.
रात्रभर देवळाच्या ओवरीत,
दोघांत नारळाची एक कवड.
एकदाच तिनं विचारलं, "हिला कळत आसंल का हो?"
आणि माझा हात पोटावर ठेवला.

पर्थवाली आम्हाला म्हणते,
तुम्ही कधी बेटच बघितलं नाही.

तर गेल्या मंगळवारी आम्ही तालीम केली.
दोन तिकिटं, हौसाचं अर्धं.
आता पूल आहे, कोरड्या पायांनी पोचता येतं.
ती पायऱ्यांवर बसली, पाण्यात पाय सोडून,
शेंगा फोडत,
आणि मी पिशवी तपासली: पाणी, गुडघ्याचं मलम,
टोपी, पासपोर्टची झेरॉक्स.
झेरॉक्स बघून ती इतकी हसली
की टरफलं नदीत गेली.

"चालंल," म्हणाली. "पाण्याच्या मधोमध बसायचं
आणि परत यायचं. एवढंच की."
मग जरा वेळानं,
"तिसरंच घेऊ. पण बोटीनं.
शेवटची बोट कितीला?"
"चारला."
"मग आपण तीनला."

घरी येऊन परतच्या रकान्यात मी तीन लिहिलं.
पेन्सिलनं.