हात दे, पण वडू नको

मगदूम अण्णांनी गाडी चालवतच आणली,
पण शाहूपुरीपासून उद्यमनगरापर्यंतच्या प्रत्येक वळणाला
शेजारी बसलेला पुतण्या
दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत होता.

छप्पन्न सालची डॉज.
हौद्याच्या फळ्यांत गुळाचा काळा थर,
इतका जुना की लाकूड कुठं संपतं कळत नाही.
मुंग्यांना कळतं.
डिझेलचा वास ओलांडून त्या अजून येतात.

अण्णांचा डावा खांदा दिवाळीपासून उचलत नाही.
डॉक्टर म्हणाले, विका.
पोरगा म्हणाला, पुण्याचा एकजण फोटो बघूनच तयार आहे.
अण्णा म्हणाले, "शिकलगार, हिला पावर बसव."

शिकलगार मिस्त्री दाढेखाली लवंग धरून
बराच वेळ बॉनेटखाली वाकून राहिला.
"इंजिनाला इचारलं पायजे," म्हणाला,
"आणि एक पट्टा वडशील का, ह्या वयात."

पंप भंगारातल्या स्कॉर्पिओचा.
स्टिअरिंग बॉक्स कागलजवळ उलटलेल्या टेम्पोचा.
ब्रॅकेट आधी पुठ्ठ्याचं,
कुणाच्या तरी साखरपुड्याच्या पेढ्यांचा बॉक्स कापून,
मग दहा मिलीच्या प्लेटचं.
पुली माझ्याकडं.
मी टर्नर, मला गाडीतलं फार कळत नाही.
बिडाची चिप लांब सुटत नाही,
काळा भुगा पडतो,
रात्री रुमालात शिंकरलं की दिवसभराचं काम दिसतं.
पट्टा दोन सूत वाकडा धावत होता.
पुली परत चकमध्ये.

पहिली ट्रायल गल्लीतच.
अण्णांनी डावीकडं फिरवलं,
चाकं उजवीकडं गेली.
चहावाल्याचं बाकडं थोडक्यात वाचलं.
कुणी हसावं की नको, अशा शांततेत
अण्णाच म्हणाले,
"माझ्या पोरावर गेली."

आर्म फिरवून, बॉक्स पालथा करून,
आणखी तीन दिवस.

दुसऱ्या वेळी एका बोटानं वळली.
पुतण्यानं व्हिडिओ काढला.
अण्णा एकटेच शिये फाट्यापर्यंत जाऊन आले,
उतरले, आणि
मिस्त्रीकडं न बघता बंपरला हात लावून उभे राहिले.

"हलकी झाली."
"मग? हलकीच पायजे हुती न्हवं?"
"व्हय. पर रस्ता हाताला लागंना झालाय.
खड्डा कुठला, बैलगाडीची चाकोरी कुठली,
माल किती हाय मागं,
चाळीस वरसं हीच सांगत आली मला.
आता गप बसलीया."

शिकलगारनं लवंग थुंकली.
मला वाटलं, चिडला.
पंप उतरवला, व्हॉल्व्ह काढला,
स्प्रिंग तळहातावर ठेवून दोनदा दाबून बघितली
आणि मला म्हणाला,
"बुडाला घालाय वायसर कर. अर्ध्या मिलीचं.
चार-पाच कर, किती लागत्यात बघू."

एवढं पातळ कापताना श्वास धरावा लागतो.
मला उगाच सुमन आठवली.
प्लास्टर काढलं त्या दिवशी पलंगावरून उठताना
मी काखेत हात घालून तिला उचललीच,
तर केवढी भडकली.
"हात दे," म्हणाली, "पण वडू नको."

एक वायसर घातलं. अजून हलकी.
दोन. अण्णांनी मान हलवली, नाही.
तिसऱ्याला गाडी वळणावर जराशी अडली,
म्हशीनं खुंट्याजवळ अडावं तशी,
आणि मग वळली.
अण्णांच्या कपाळावर घाम होता.
डावा हात चाकावर नुसता ठेवलेला,
पण ठेवलेला.

"थांब," म्हणाले. "हितंच ऱ्हाऊ दे."

बिल मिस्त्रीनं पाठकोऱ्या कागदावर लिहिलं.
वायसरचे पैसे धरले नाहीत.
अण्णांनी मला वेगळी
पाच किलोची एक ढेप दिली,
फडक्यात बांधलेली. ती मी घाईत
लेथच्या टूलपेटीवर ठेवली आणि विसरलो.

सकाळी शटर वर केलं
तर उंबऱ्यापासून चकपर्यंत रांग.
बिडाच्या भुग्यातून वाट काढत,
कुणीही न वळवता,
बरोबर वळणं घेत.