रकाना सतरा

पिंपरडोह पुनर्वसन, प्लॉट एकशे अठ्ठावीस.
पत्ता टाकला आणि टाचणी
जाऊन पडली पाण्यात.

नकाशावर सगळं निळं, काठापासून दीड किलोमीटर आत.
गेल्या महिन्यात गाडी तिथंच निघाली होती,
भागरथाबाई दिघोऱ्यांच्या सुनेसाठी.
ड्रायव्हर काठावर उतरून
अर्धा तास फोनवर भांडत होता :
मी पोचलोय, तुम्ही कुठे आहात?

म्हणून मला पाठवलंय. एक टॅब, महिन्याचे अकरा हजार,
दोनशे बारा नोंदी.

टाचण्या एकेक उचलून मी कोरड्यात आणल्या.
ते सोपं होतं, चार दिवसांत झालं.
मग साहेबांचा फोन : आता नोंदीला जास्तीचे रकाने जोडा,
नुसत्या अक्षांश-रेखांशानं दार सापडत नाही.
आधी रकान्याचं नाव ठरवायचं, मग प्रकार :
मजकूर, आकडा, तारीख, नाहीतर हो-नाही.
मजकूर साठ अक्षरांपर्यंत.

इथल्या गल्ल्या पट्टीनं आखलेल्या,
घरं एका साच्याची, सगळ्यांना तोच पिवळा रंग.
रंगाचा रकाना पहिल्याच दिवशी वाया गेला.
गाडी दारापर्यंत जाते : हो.
कुत्रं : हो, हो, नाही, हो.
खूण?
इथं लोक थांबतात.

'खून ततं होती जी,' सुकराम नान्हे म्हणाले
आणि हात केला धरणाकडे.
'आमी मोहावाले. बाजूचे मारबते, ते बोडीवाले.
आता त्याहीचं घर चार गल्ल्या पल्याड.
चिठ्ठ्या काढल्या ना प्लॉटच्या, तसं निघालं.'

सतरावा रकाना मी कुणाला न विचारता उघडला.
नाव दिलं : जुना_शेजार.
संध्याकाळी ओट्यावर रांग.
भागरथाबाई म्हणाल्या, 'लिव,
माया न्हानीचं पानी मारबत्याच्या केरीले जात होतं
अना तो मले दर हंगामात एक फनी आनून देत होता,
मांगाची गरज नोती.'
साठाव्या अक्षरावर वाक्य तुटलं,
केळी नोंदीच्या बाहेरच राहिल्या.
दोन भाऊ एका भिंतीवरून भांडत आले.
भिंत बारा वर्षं पाण्याखाली आहे.
मी दोघांच्याही नोंदीत ती दोघांची लिहिली.

सहाव्या दिवशी सुकराम म्हणाले, 'चाल डोंग्यात. मशीन घे.'
पदरात टॅब गुंडाळून बसले.
ठिपका निळ्यात सरकत गेला, आमच्यासोबत,
वल्ह्याच्या दर हेलकाव्याला थोडा.
'जारं अडकलं का समजाचं, मारबत्याचं आंगन आलं.
इतं फक्त मरळ लागते.'
मग त्यांनी वल्हं वर उचललं.
आजूबाजूला काहीच नव्हतं,
एक पाणकावळा, तोही दूर.
'हे माजं घर.'

मी पाहिलं.
पहिल्या दिवशी टाचणी पडली होती ती जागा
आणि आमचा ठिपका, दोन्हींत अंतर तीन मीटर.
म्हणजे ती चूक नव्हती.
चार दिवस बसून मी जे दुरुस्त केलं होतं
ते त्यांना सांगायचं कसं, कळेना.

'का म्हनते मशीन?'
'बरोबर म्हणते.'
'मंग?' ते म्हणाले, आणि जाळं सोडायला लागले.

प्लॉट एकशे अठ्ठावीस. रकाना अठरा.
नाव अजून दिलेलं नाही,
प्रकार विचारतोय.
टॅबवर पाणी उडालंय, बोट नीट लागत नाही.